भोंगा कुठे गेला?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी करंज्या आणि शंकरपाळ्यांचं ताट घेऊन मी शेजारच्या आजींकडे गेले. ताट रिकामं करून देताना त्यांनी विचारलं, "माह्यं काय लिवलं तं वाचून दाखव ना." दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. मलाही हौस होतीच. प्रोजेक्टची फाइल फोनमध्ये होती. त्यातला मला सगळ्यात आवडलेला परिच्छेद मी ऐटीत वाचून दाखवला. खदानीवरच्या पुरुषांच्या बोलण्यात 'भोंगा' हा शब्द वारंवार येतो, स्त्रियांच्या बोलण्यात तो एकदाही येत नाही. पुरुषांचा दिवस भोंग्यावर चालतो, बायकांचा चुलीवर आणि पाण्यावर. एकाच गावात दोन घड्याळं आहेत, वगैरे वगैरे.

आजींनी शंकरपाळं तोंडात टाकायचं थांबवलं.

"कोनं सांगतलं तुले हे?"

"तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरूनच काढलंय, आजी."

"माह्या बोलन्यावरून? म्याच त सांगतलं होतं तुले भोंग्याचं. इसरली का?"

मी विसरले नव्हते. खरं सांगायचं तर मला आठवतच नव्हतं, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. अडतीस जणांचं बोलणं ऐकून, लिहून काढून, टाइप करून झाल्यावर डोक्यात कुणाचंच बोलणं धड उरत नाही. ते सगळं आता लॅपटॉपमध्ये आहे, आपल्याला लक्षात ठेवायची गरज नाही, असं आपण मनाशी धरून चालतो.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. अकराव्या मिनिटाला आजींचा आवाज आला. बिनटायमाचा भोंगा वाजला का चुलीवरचा भात तसाच टाकून बाया खदानीच्या फाटकाकडे धावत सुटत. कोनाचा घरवाला आत, कोनाचा पोरगा आत. आणि मग ते वाक्य, जे मी स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं: "टायमाचा भोंगा मानसाईचा. बिनटायमाचा बायाईचा."

एका बाईनं, नऊ वेळा, भोंगा. आणि माझ्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य.

*

आधी थोडं गावाबद्दल, कारण आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना तिरोडी कुठे आहे हे दर वेळी सांगावं लागतं. मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा. तुमसर रोडहून गोबरवाहीवरून येणारी रेल्वेची फांदी आमच्याकडे येते. गावात पाट्या हिंदी, शाळा हिंदी, पण घरात आणि अंगणात मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी दोघांचीही राजधानी नागपूरच होती. गाव ओळखलं जातं ते मॅंगनीजसाठी. फर्मोर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये भारतातल्या मॅंगनीजवर एक अवजड ग्रंथ लिहिला, त्यात आमच्या पट्ट्याला मोठी जागा आहे. १९३८ मध्ये तर डन आणि रॉय या दोघांनी इथल्या एका खनिजाला 'तिरोडाइट' असं नावच दिलं. पुढे १९९७ मध्ये या खनिजगटाची नावं नव्यानं लावताना ते नाव काढून टाकलं गेलं. खनिज आहे तिथेच आहे, यादीत नाव नाही. हे मला प्रोजेक्ट सुरू करतानाच कळलं होतं आणि तेव्हा मी नुसती हसले होते.

प्रोजेक्टचा विषय 'तिरोडीच्या खदानीभोवतीची मराठी'. बावीस पुरुष, सोळा स्त्रिया. प्रत्येकाच्या बोलण्याची एक फाइल. मी साठ शब्द निवडले होते: कुदळ, खदान, घमेलं, पाळी, बारूद, भोंगा, सब्बल, हाजरी असे, अकारविल्हे लावलेले. कोणता शब्द कोण किती वेळा वापरतं, एवढंच मोजायचं होतं. हातानं मोजायला बसले असते तर एप्रिल उजाडला असता. मैत्रिणीच्या भावानं, जो इंजिनिअरिंगला आहे, सांगितलं की हे काम युनिक्सचे छोटे छोटे आदेश चुटकीसरशी करतात. पण माझ्याकडे दादाचा जुना लॅपटॉप, त्यावर ३२ बिटचं विंडोज. "लिनक्स टाक ना," तो म्हणाला. टाकता येत नव्हतं. त्याच लॅपटॉपवर बाबांचा हिशेब असतो. म्हणून सिग्विन. विंडोजच्या आत युनिक्ससारखं घर थाटून देणारं हे सॉफ्टवेअर १९९५ मध्ये सिग्नस नावाच्या कंपनीत सुरू झालं आणि फुकट मिळतं. ३२ बिटसाठीचा त्याचा आधार २०२२ मध्ये थांबला, पण जुनी आवृत्ती चालते.

मी शेल स्क्रिप्ट लिहायला शिकले. मराठीच्या मुलीनं! त्याचा मला केवढा अभिमान झाला होता ते विचारू नका.

स्क्रिप्ट चालायची. म्हणजे बहुतेक वेळा चालायची. मध्येच ती थबकायची, पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची, 'फोर्क: रिट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल', काही सेकंद काहीच नाही, मग पुन्हा चालू. कधी सबंध खेपेत एकदाही नाही, कधी दहा वेळा. तेच काम, त्याच फाइली, तोच लॅपटॉप. दर वेळी पडली असती तर मी थांबून कारण शोधलं असतं. ती अधूनमधून पडायची, म्हणून मी तिला सवयीत घेतलं. आमच्या घरचा नळ असाच आहे. आला तर आला.

त्या ओळींनी पडदा घाण दिसायचा, म्हणून मी एक उपाय शिकले. आदेशाच्या शेवटी काही अक्षरं जोडली की चुकांचे सगळे संदेश 'डेव्ह-नल' नावाच्या जागी जातात. ती जागा म्हणजे तळ नसलेली विहीर. टाकलेलं परत येत नाही. पडदा स्वच्छ झाला. अडतीस फाइली आत, अडतीस फाइली बाहेर, हेही मी मोजून पाहिलं. मी अगदीच आंधळेपणानं काम केलं असं कुणी म्हणू नये म्हणून हे सांगते.

*

नाताळच्या त्या रात्री मी त्या अडतीस फाइली एकेक उघडून पाहिल्या. प्रत्येकीत साठ ओळी असायला हव्या होत्या. आजींच्या फाइलीत एकेचाळीस होत्या. 'भोंगा' माझ्या यादीतला चव्वेचाळिसावा शब्द. त्याच्यापर्यंत स्क्रिप्ट पोचलीच नव्हती.

एकंदर सात फाइली अर्धवट निघाल्या. एकीत अडतीस ओळी, एकीत एकोणतीस, एक तर पूर्ण रिकामी. सगळ्यांचा तक्ता करणाऱ्या माझ्या दुसऱ्या स्क्रिप्टला जी ओळ सापडली नाही तिथे तिनं शून्य लिहिलं होतं. तसं लिहायला तिला मीच सांगितलं होतं. 'मोजलं नाही' आणि 'एकदाही म्हटलं नाही' या दोन्हींसाठी तक्त्यात एकच खूण!

आणि त्या सातांपैकी सहा स्त्रियांच्या.

हे पाहून मी खरंच घाबरले. यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, मग सातात सहा कशा? उत्तर साधं होतं, पण सापडायला दोन दिवस गेले. पुरुषांच्या फाइलींची नावं इंग्रजी 'एम'नं सुरू होत होती, स्त्रियांची 'डब्ल्यू'नं. म्हणून पुरुष आधी, बायका मागून. स्क्रिप्टला बराच वेळ लागायचा, आणि दुपारी एक वाजता लॅपटॉपमधलं अँटिव्हायरस आपली रोजची तपासणी सुरू करायचं. बायकांची पाळी नेमकी त्या वेळी यायची. शिवाय जी फाइल मध्येच तुटते तिच्यातले शेवटचेच शब्द जातात, म्हणजे यादीत 'क'ला जितका धोका त्याहून 'भ'ला जास्त आणि 'ह'ला सर्वांत जास्त. बिघाड कधी होईल ते ठरलेलं नव्हतं. तो कुणाच्या वाट्याला येईल ते मात्र बऱ्यापैकी ठरलेलं होतं, आणि ते मीच ठरवून ठेवलं होतं, फाइलींना नावं देताना.

*

आता तो फोर्क. मला जसा समजला तसा सांगते. संगणकाच्या मुलांनी हसू नये.

युनिक्समध्ये एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाला कामाला लावतो तेव्हा तो आधी स्वतःचीच हुबेहूब प्रत काढतो. या प्रत काढण्याला फोर्क म्हणतात. मग ती प्रत आपलं जुनं रूप टाकून नवं काम अंगावर घेते. युनिक्समध्ये हे इतकं स्वस्त आणि नित्याचं आहे की साध्या एका आदेशामागेही अशा प्रती निघत असतात. विंडोजची रीत वेगळी. तिथे नवा प्रोग्रॅम पहिल्यापासून नवाच उभा राहतो, कुणाची प्रत म्हणून नाही. दोन्ही रीती आपापल्या घरी ठीक आहेत. पंचाईत होते ती सिग्विनची, कारण त्याला विंडोजच्या घरात राहून युनिक्सचा रिवाज पाळायचा असतो. मग तो असं करतो: विंडोजकडून एक नवा, कोरा प्रोग्रॅम मागून घेतो, त्याला लगेच थांबवून ठेवतो, आणि जुन्याच्या स्मृतीत जे जे आहे ते त्याच्यात उतरवतो.

अट एकच. जुन्यात जी वस्तू ज्या जागेवर होती ती नव्यातही नेमक्या त्याच जागेवर बसली पाहिजे. तुमसर रोडला आमची पॅसेंजर लागते तेव्हा लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. समजा तुम्हाला सांगितलं की सगळ्या घरानं या डब्यातून उतरून त्या डब्यात जायचं, आणि जो जिथे बसला होता त्यानं तिथेही त्याच नंबरावर बसायचं. बहुतेक वेळा जमेल. एखाद्या वेळी कुणाच्या तरी सीटवर परक्याचा रुमाल असेल. तेवढ्यावर अख्खं घर गाडीबाहेर. अँटिव्हायरससारखे प्रोग्रॅम प्रत्येक नव्या डब्यात आपला एक माणूस आधीच बसवून ठेवतात, तो कुठे बसेल याचा नेम नसतो. विंडोज स्वतःही सुरक्षेसाठी वस्तूंच्या जागा मुद्दाम बदलत असतं. ३२ बिटच्या यंत्रात एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच पत्ते मिळतात, म्हणजे डबा आधीच लहान आणि दाटीवाटीचा. ६४ बिटमध्ये डबा अफाट मोठा असल्यानं हा त्रास खूपच कमी होतो.

आणि माझी स्क्रिप्ट किती वेळा डबा बदलत होती? अडतीस फाइली, साठ शब्द, म्हणजे २,२८० शोध. प्रत्येक शोधामागे तीन प्रोग्रॅम. ६,८४० वेळा. त्यातली शंभरातली नव्याण्णव नाही, हजारातली नऊशे नव्याण्णव वेळा जागा मिळाली तरी सहा-सात वेळा कुणीतरी फलाटावर राहणारच होतं.

बॅश नावाचं जे शेल मी वापरत होते, ते बिचारं हार मानत नाही. फोर्क फसला की ते एक सेकंद थांबून पुन्हा पाहतं, मग दोन, मग चार, मग आठ. मला दिसणारी थबक ती हीच. हे पंधरा सेकंद संपले की मग ते तसं सांगून हात टेकतं. सांगत होतं. मी विहिरीत टाकत होते.

*

मैत्रिणीच्या भावाचा पहिला सल्ला होता, "पुन्हा चालव, होईल." तो चुकीचा नव्हता. पुन्हा चालवल्यावर सातऐवजी दोन फाइली अर्धवट आल्या, त्याच्या पुढच्या खेपेला एक. पण नुसतं पुन्हा चालवणं मला पुरेसं वाटेना. कितव्या खेपेला थांबायचं? मला हवं तसं उत्तर आलं की?

सिग्विनच्या प्रश्नोत्तरांत या आजारावर बरंच लिहिलेलं आहे. अडथळा आणणाऱ्या सॉफ्टवेअरची एक यादीच त्यांनी केली आहे, तिला त्यांनी 'ब्लोडा' असं नाव ठेवलंय. मुख्य उपाय रिबेस. म्हणजे सिग्विनच्या सगळ्या लायब्ऱ्यांना आपसात न भांडता बसता येईल अशी एकेक कायमची जागा नेमून देणं. ते करताना सिग्विनचं सगळं बंद ठेवावं लागतं, बॅशसुद्धा, कारण उभ्या माणसाच्या पायाखालची सतरंजी बदलता येत नाही. डॅश नावाचं एक बारकं शेल उघडून त्यातून तो आदेश द्यायचा. मी तो दिला तेव्हा हात थरथरत होते, बाबांचा हिशेब डोळ्यांपुढे होता. काही झालं नाही. दोन मिनिटांत आटोपलं. अँटिव्हायरस मी काढलं नाही, बाबांनी काढू दिलं नसतं, फक्त त्याच्या तपासणीची वेळ रात्रीची केली.

त्यानंतर स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. हा भाग मला जास्त आवडला. साठ शब्दांसाठी साठ वेळा हाक मारण्याऐवजी एकाच ऑकला फाइल देऊन सगळे साठ शब्द एकदम मोजायला सांगितले. ६,८४० हाकांच्या जागी आता अडतीस. प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहायची, तिच्यात साठ ओळी भरल्या तरच तिला खरं नाव द्यायचं. नाही भरल्या तर तीनदा प्रयत्न, तिसऱ्यांदाही नाही जमलं तर तिचं नाव एका वेगळ्या यादीत, आणि तक्त्यात शून्याऐवजी 'मोजले नाही'. संदेश आता विहिरीत जात नाहीत, एका फाइलीत जमतात. ती फाइल मी रोज वाचते. बहुधा रिकामी असते, तरी वाचते.

नव्या मोजणीत सोळापैकी तीन स्त्रियांच्या तोंडी भोंगा निघाला. आजींच्या तोंडी नऊदा, दुसऱ्या दोघींच्या एकेकदा. त्या दोघीही अवेळी वाजलेल्या भोंग्याबद्दलच बोलल्या होत्या.

*

सगळ्यात अवघड काम सुट्टी संपल्यावर होतं. प्रोजेक्ट डिसेंबरच्या सुरुवातीलाच दिलेला होता आणि मॅडमना नेमका तोच परिच्छेद आवडला होता. विभागाच्या चर्चासत्रात वाच म्हणाल्या होत्या. खोटं का बोलू, दोन दिवस मी असाही विचार केला की सोळापैकी तीन म्हणजे फार नाहीत, 'एकदाही नाही'च्या जागी 'क्वचित' लिहिलं की भागेल, दोन घड्याळांची कल्पना वाचेल. परिच्छेद छान उतरला होता हो.

पण आजींचं ते वाक्य त्या परिच्छेदात बसतच नव्हतं. बायकांना भोंग्याशी देणंघेणं नव्हतं असं मी म्हटलं होतं. त्या तर कान लावून होत्या. वेळेवर वाजणारा भोंगा त्यांना ऐकूही येत नसेल, आपल्याला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसा. चुकलेला तेवढा ऐकू यायचा, आणि त्यावर भात करपायचा.

मॅडमना सगळं सांगितलं. फोर्कपासून शंकरपाळ्यांपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "तुला शून्य दिसलं तेव्हा शंका का नाही आली? सोळा बायका, खदानीशेजारी जन्म काढलेल्या, आणि भोंगा एकदाही नाही?"

शंका आली नाही, कारण मला ते शून्य आवडलं होतं. दोन वर्षं आपण वर्गात काय शिकतो? संहितेत जे म्हटलेलं नाही ते वाचा. स्त्रियांचं मौन वाचा. गाळलेल्या जागा बोलतात. मला सोळा बायकांचं मौन आयतं सापडलं आणि मी ते लगेच वाचलं. ते मौन त्यांचं आहे की माझ्या लॅपटॉपचं, हे पाहायचं सुचलं नाही. मॅडमना हे असंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे चर्चासत्रात सांग." मग म्हणाल्या, "आणि गुण कमी होतील, ते मी करणार आहे." केलेही.

चर्चासत्र झालं. फोर्कच्या भागाला मागच्या बाकांवर जांभया आल्या, तुमसर रोडच्या रुमालाला सगळे हसले, आणि आजींचं वाक्य वाचलं तेव्हा जरा शांतता झाली.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर आजींकडे जाऊन नवा परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मान डोलावली, नाव टाकू नको म्हणून बजावलं. मी निघाले तशी मागून हाक आली.

"आन शिट्टीचं?"

"कसली शिट्टी?"

"सुरुंग उडवाच्या आधी वाजवत थे. थ्याचं नाही लिवलं?"

माझ्या साठ शब्दांत शिट्टी नव्हतीच. अडतीस जणांपैकी कुणी शिट्टी म्हटलं असेल तर ते मी टाइप केलंय, पण मोजायला कधी सांगितलंच नव्हतं. आता यादीत एकसष्टावा शब्द घातला आहे, आणि एका फाइलीत साठऐवजी एकसष्ट ओळी हव्यात असं स्क्रिप्टलाही सांगितलं आहे. हे लिहिते आहे तेव्हा ती बाजूला चालूच आहे, विसाव्या फाइलीवर.